तीन फवारण्या आणि दोन महिन्यांचा गर्भ

प्रश्न : डॉक्टर मॅडम, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. चार एकर कोरडवाहू शेती, त्यात पऱ्हाटी आणि तूर. शेवटची पाळी २२ जुलैला आली. दिवस गेल्याचं सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात किटवर कळलं. तोपर्यंत तीन फवारण्या होऊन गेल्या होत्या : ८ ऑगस्टला, पोळा झाल्यावर २५ ऑगस्टला आणि ८ सप्टेंबरला. मी पंप पाठीवर घेतला नाही. ड्रममध्ये पाणी भरून द्यायची, झाकणाने मोजून औषध ओतायची आणि संध्याकाळी यांचे कपडे धुवायची, एवढंच. तिसऱ्या वेळी डोकं खूप दुखलं, दोनदा उलटी झाली. बाटलीवर प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन लिहिलं आहे. दुकानदार म्हणतो, लाल त्रिकोणवालं नाही, काही होत नाही. सासूबाई म्हणतात, आम्ही पऱ्हाटीत राबूनच लेकरं काढली. पण शेजारी ओठ फाटलेलं बाळ जन्मलं, आणि मोबाईलवर केरळमधल्या जन्मतः व्यंग असलेल्या मुलांचे व्हिडिओ पाहिल्यापासून मला झोप नाही. जाऊबाई म्हणतात, मोकळी हो, मेडिकलमधून गोळ्या आणून देते. मी काय करू? भाजीपाला खाणं बंद करू का? आणि बाळ झालंच तर त्याला माझं दूध चालेल का?
– एक वाचक

उत्तर :

ताई, आधी गोळ्यांचं बोलू. जाऊबाईंनी आणल्या असतील तर परत पाठवा. गर्भ गर्भाशयात आहे की नळीत, हे सोनोग्राफी केल्याशिवाय कळत नाही. नळीत असताना या गोळ्या घेतल्या तर गर्भ पडत नाही, नळी फुटू शकते. शिवाय आपल्याकडच्या बऱ्याच बायकांचं रक्त आधीच कमी असतं, घरात रक्तस्राव सुरू झाला आणि थांबला नाही तर तालुक्याला पोचेपर्यंत फार उशीर होतो.

गर्भ ठेवायचा की नाही हे तुम्ही ठरवायचं, आणि कायद्याने त्याला वेळही दिलेला आहे. २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानुसार २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो. काही विशिष्ट परिस्थितींत ही मुदत २४ आठवडे आहे. बाळात गंभीर व्यंग आढळलं तर वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने त्यानंतरही करता येतो. तुमचे २० आठवडे ९ डिसेंबरला भरतात. व्यंग तपासायची मोठी सोनोग्राफी त्याआधी होऊ शकते. मूल नकोच असेल तर तो वेगळा विषय आहे. पण तुमच्या पत्रात मूल नको असल्याचं एक अक्षर नाही, आहे ती भीती. आणि केवळ या तीन फवारण्यांमुळे गर्भ पाडावा, असा सल्ला मी देणार नाही.

म्हणजे काही झालंच नाही, असंही मी म्हणत नाही. तुम्ही लिहिलंत की पंप पाठीवर घेतला नाही. पण बाटलीतलं औषध पाण्यात पडेपर्यंत ते पूर्ण तीव्रतेचं असतं, आणि तेच ओतायचं काम तुम्ही केलं. तिथे हातावर सांडलेले चार थेंब म्हणजे पंपातल्या कितीतरी पातळ द्रावणाबरोबर. शर्टाचंही तेच. दिवसभर फवारून आलेला घामाने आणि औषधाने भिजलेला शर्ट तुम्ही उघड्या हातांनी चोळता. प्रोफेनोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट औषधं नाकातोंडातून जातात तशीच कातडीतूनही शरीरात जातात, आणि उकाड्यात, घामेजलेल्या कातडीतून जास्त. आपल्याकडे फवारणी ही पुरुषाची गोष्ट समजली जाते. विषबाधा झाली की नोंद पंप धरणाऱ्याची होते. पाणी भरणारी, औषध ओतणारी, कपडे धुणारी बाई त्या हिशेबात नसते. दवाखान्यात गर्भवतीला कोणी विचारतही नाही की घरात फवारणी चालू आहे का.

आता तुमच्या तारखा. पाळी २२ जुलैची, म्हणजे गर्भ राहिला ५ ऑगस्टच्या आसपास. पहिली फवारणी ८ ऑगस्टची. तेव्हा गर्भ गर्भाशयाला चिकटलाही नव्हता. या पहिल्या पंधरवड्यात मोठा धक्का बसला तर बहुधा गर्भच टिकत नाही, आणि टिकला तर सहसा व्यंगाशिवाय पुढे जातो. तुमचा टिकला, म्हणून ८ ऑगस्टची चिंता सोडून द्या. २५ ऑगस्टला गर्भ वीसेक दिवसांचा होता. मेंदू आणि मणका ज्या नळीतून तयार होतात ती मिटायला या सुमारास सुरुवात होते आणि अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आसपास ती पूर्ण मिटते. ८ सप्टेंबरला, म्हणजे चौतिसाव्या दिवशी, हृदयाचे कप्पे आणि हातपाय आकाराला येत होते. वरचा ओठ सांधला जाणं त्यानंतरचं, म्हणजे साधारण आत्ताचं, आणि टाळू आणखी पुढे. अवयव घडण्याचा हा काळ पाळीपासून मोजला तर दहाव्या आठवड्यापर्यंत चालतो. तुम्हाला आठ आठवडे पूर्ण झालेत. त्यामुळे झालेल्या तीन फवारण्यांपेक्षा चौथीची मला जास्त काळजी आहे, आणि ती तुमच्या हातात आहे.

धोका किती, हे विचारायचं तर आधी हे माहीत हवं की औषधाचा वाराही न लागलेल्या शंभर बायका घेतल्या तरी दोन-तीन बाळांमध्ये जन्मतः काहीतरी मोठं व्यंग निघतंच. हृदयाला छिद्र, ओठ, पाय, मणका, काहीही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातलं सॅन वाकीन खोरं हा फळबागांचा आणि प्रचंड फवारणीचा भाग. तिथल्या १९९७ ते २०११ मधल्या सुमारे ५ लाख जन्मांच्या नोंदी आणि आसपासच्या फवारणीच्या नोंदी एकत्र तपासल्या गेल्या, तो अभ्यास २०१७ मध्ये आला. बहुतेक आयांमध्ये फरक दिसला नाही. सर्वांत जास्त फवारणीच्या भागात राहणाऱ्या ५ टक्के आयांमध्ये मात्र अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं, कमी वजन आणि जन्मजात व्यंगं ५ ते ९ टक्क्यांनी वाढलेली दिसली. हा आकडा ऐकून घाबरू नका. शंभरातल्या तीनमध्ये ९ टक्के वाढ म्हणजे तीनाचे साडेतीनही होत नाहीत. पण मी तो जसाच्या तसा तुम्हाला लावणारही नाही. त्या बायका शेतांजवळ राहत होत्या, झाकणाने मोजून औषध ओतत नव्हत्या. कामात औषधाशी थेट संबंध आलेल्या आयांच्या अभ्यासांत फाटलेल्या ओठासारखी काही व्यंगं थोडी जास्त दिसतात. तरीही अशा बहुसंख्य आयांची बाळं धडधाकट जन्मतात. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही.

केरळच्या त्या व्हिडिओंबद्दल. ती मुलं कासरगोड जिल्ह्यातली. तिथे सरकारी महामंडळाच्या काजूच्या मळ्यांवर सत्तरच्या दशकाच्या अखेरपासून २००० सालापर्यंत हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारलं गेलं. खाली वस्ती होती, विहिरी होत्या, ओढे होते. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये या औषधावर देशभर बंदी घातली, आणि २०१७ मध्ये पीडितांना प्रत्येकी ५ लाख रुपये द्यायला केरळ सरकारला सांगितलं. त्या लोकांचं दुःख खरं आहे. पण तिथे माणसं वीसेक वर्षं त्याच हवेत आणि पाण्यात राहिली, आणि तुमच्या बाटलीत एंडोसल्फान नाही. रात्री ते व्हिडिओ बघणं बंद करा. त्यातून तुमच्या गर्भाबद्दल काहीच कळत नाही.

कासरगोडपेक्षा मला सॅलिनास जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि त्याचे व्हिडिओ कोणी पाठवत नाही. हेही कॅलिफोर्नियातलंच, स्ट्रॉबेरी आणि पालेभाज्यांचं खोरं. बर्कली विद्यापीठाच्या लोकांनी तिथल्या शेतमजूर कुटुंबांतल्या गर्भवतींच्या लघवीत ऑर्गॅनोफॉस्फेटचे अंश मोजले आणि त्यांच्या मुलांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. मुलं दिसायला चांगली होती. पण सात वर्षांची झाल्यावर बुद्ध्यंक तपासला तेव्हा ज्यांच्या आयांमध्ये अंश सर्वांत जास्त होते ती मुलं सर्वांत कमी अंशवाल्यांपेक्षा सरासरी ७ गुणांनी मागे निघाली. हे सोनोग्राफीत दिसत नाही. आणि मेंदूची वाढ पहिल्या तीन महिन्यांत संपत नाही, ती नऊ महिने आणि पुढेही चालते. म्हणून ‘तीन महिने झाले, आता कामाला हरकत नाही’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका.

दुकानदाराचा त्रिकोण. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग औषध पोटात गेलं किंवा कातडीला लागलं तर किती पटकन जीव घेतं, त्यावरून ठरतात. गर्भावर काय परिणाम होतो याच्याशी त्या रंगांचा काही संबंध नाही. हिरवा त्रिकोण असला तरी गर्भवतीला परवाना मिळाला असं होत नाही. आणि लाल त्रिकोणवालं मोनोक्रोटोफॉस तुमच्या दुकानात अजून मिळत असेल तर त्याला एवढं विचारा : ३६ टक्क्यांच्या त्या द्रावणावर केंद्र सरकारने २०२३ मध्ये बंदीचा आदेश काढला, तो पोचला का?

शेजारच्या बाळाचा ओठ फवारणीने फाटला की आणखी कशाने, हे कोणीच छातीठोक सांगू शकत नाही. घराण्यात असणं, फॉलिक ॲसिड कमी पडणं, मधुमेह, फिटची काही औषधं, तंबाखू, अशी कारणं एकात एक गुंतलेली असतात. ग्रहणात विळी धरल्याने ओठ फाटत नाही, हे मी वीस वेळा सांगितलं तरी ग्रहण घरोघर पाळलं जातं. ज्या सासवा ग्रहणात सुनेला सुईसुद्धा धरू देत नाहीत, त्याच तिला औषधाचा ड्रम ढवळायला पाठवतात, याचं मला अजून नवल वाटतं. तुम्ही खर्रा खात असाल किंवा मिश्री लावत असाल तर ते लिहिलं नाहीत, बहुतेक बायका लिहीत नाहीत. असेल तर आज बंद करा. बाळाचं वजन घटवण्यात तंबाखूचा हात फवारणीइतका वादाचा नाही, तो पक्का सिद्ध झालेला आहे.

सासूबाईंशी भांडू नका. त्यांची लेकरं जगली हे खरंच आहे. त्यांच्याच वेळी किती बायकांचे गर्भ दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात पडले आणि किती बाळं सव्वा महिन्याच्या आत गेली, हे त्यांना एकदा निवांत विचारा. त्यांना नावानिशी आठवत असेल.

आता दवाखाना. आशाताईंना सांगून या आठवड्यातच प्राथमिक आरोग्य केंद्रात नाव नोंदवा, बारा आठवड्यांच्या आत झालेली नोंद पुढे सगळीकडे उपयोगी पडते. फॉलिक ॲसिडची गोळी आजपासून रोज. मणक्याची नळी मिटण्याचा काळ गेला आहे, ही गोळी खरं तर दिवस जाण्याच्या आधीपासून घ्यायची असते. तरी रक्तासाठी आणि गर्भाच्या वाढीसाठी ती लागतेच. चौथ्या महिन्यापासून लोहाच्या लाल गोळ्या मिळतील, त्याने शी काळी होते म्हणून सोडू नका. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गर्भवतींची मोफत तपासणी असते आणि त्या दिवशी शक्यतो स्त्रीरोगतज्ज्ञ येतात, तो दिवस धरा.

जाताना औषधाच्या बाटलीवरच्या लेबलचा मोबाईलमध्ये फोटो काढून न्या. बाटली नेऊ नका. फवारणीच्या तिन्ही तारखा आणि औषधांची नावं तुमच्या कार्डावर लिहायला सांगा. कोणी ‘याची काय गरज’ म्हणालं तर ‘लिहून ठेवा’ एवढंच म्हणा. पुढे सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरला मणका, हृदय आणि ओठ जरा वेळ देऊन बघायला ते लिहिलेलं कामी येतं. पहिली सोनोग्राफी आत्ता, गर्भ जागेवर आहे ना आणि ठोके आहेत ना यासाठी. दुसरी ७ ते २७ ऑक्टोबरच्या दरम्यान, म्हणजे अकरा ते चौदा आठवड्यांच्या मध्ये. डोक्याची कवटी न बनण्यासारखं गंभीर व्यंग तेव्हाच दिसू शकतं. आणि सर्वांत महत्त्वाची, जिला ॲनोमली स्कॅन म्हणतात, ती अठरा ते वीस आठवड्यांची : २५ नोव्हेंबर ते ९ डिसेंबर. शक्यतो पहिल्याच आठवड्यात करून घ्या, काही निघालं तर विचार करायला हातात दिवस राहतात. मणका, हातपाय, हृदयाचे बरेचसे दोष, फाटलेला ओठ, हे त्यात दिसतं. सगळं दिसत नाही. फाटलेला ओठ दिसला तरी तो गर्भ पाडण्याइतका गंभीर नसतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात त्याची शस्त्रक्रिया मोफत होते आणि मुलं छान बोलतात, शाळेत जातात.

रक्तातलं कोलिनेस्टरेज (ऑर्गॅनोफॉस्फेट अंगात गेलं की कमी होणारं एक द्रव्य) तपासून घ्या, असं कोणी सुचवेल. ताज्या विषबाधेत ती तपासणी उपयोगाची आहे. आता तुमच्यासाठी नाही : गरोदरपणात ते प्रमाण तसंही खाली येतं, आणि त्यावरून बाळाचं काही कळत नाही.

८ सप्टेंबरच्या उलट्या विषबाधेच्या होत्या की दिवस गेल्याच्या, हे आता ठरवता येणार नाही. पण पुढे कधीही फवारणीच्या आसपास खूप घाम, तोंडाला पाणी सुटणं, डोळ्यांतून पाणी, अंधुक दिसणं, स्नायू फडफडणं, श्वास जड होणं यातलं काही झालं तर डोहाळे म्हणून झोपून राहू नका. अंगावरचे कपडे काढा, साबणाने अंग धुवा आणि १०८ बोलवा. या विषावरचा उतारा, ॲट्रोपिन, गर्भवतीलाही देतात, द्यायलाच लागतं. गर्भ आहे म्हणून उपचार टाळणं हाच बाळाला सर्वांत मोठा धोका.

इथून पुढचा भाग तुमच्या यजमानांना वाचायला द्या.

भाऊ, २०१७ चा हंगाम तुम्हाला आठवत असेल. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, उकाडा होता, दोन-तीन औषधं एकत्र करून फवारणी चालली होती. तुमच्या जिल्ह्यात २० पेक्षा जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. तुमचं शरीर ऐंशी किलो पेलतं की साठ, ते तुम्हाला ठाऊक. पण जे या घडीला पोटात आहे ते बोटाच्या पेराएवढं आहे. तेव्हा एप्रिलपर्यंत ताईंनी औषधाच्या बाटलीला, ड्रमला आणि पंपाला हात लावायचा नाही. पाणी तुम्ही भरा किंवा मजूर लावा. शेतातच कपडे बदला, तिथेच हातपाय आणि तोंड साबणाने धुवा, घरी आल्यावर आधी आंघोळ, मग चहा. फवारणीचे कपडे तुम्ही स्वतः धुवा : रबरी हातमोजे घालून, वेगळ्या बादलीत, आधी पाण्यात बुडवून ते पाणी टाकून द्यायचं (विहिरीजवळ किंवा नाल्यात नाही), मग साबण, मग कडक उन्हात वाळवायचे. घरच्या कपड्यांत मिसळायचे नाहीत. लोक बघतील, बायकोचं काम करतो म्हणतील. म्हणू द्या.

बाटल्या खाटेखाली किंवा धान्याच्या खोलीत असतील तर आजच बाहेर कुलपात ठेवा. रिकाम्या बाटलीत रॉकेल, तेल, पाणी काही नको, तिला भोकं पाडून टाका. धान्यात सेल्फॉसच्या गोळ्या टाकत असाल तर ज्या घरात माणसं झोपतात तिथे त्या अजिबात नकोत. त्यातून निघणाऱ्या वायूने झोपेतच माणसं दगावतात. वेचलेला कापूस घरात भरून ठेवण्याची आपली रीत मला माहीत आहे. निदान ताईंचं अंथरूण त्या खोलीत घालू नका. आणि निंदायला किंवा वेचायला ताईंना जावंच लागणार असेल तर फवारणीच्या आधी जाऊ द्या. फवारणीनंतर किती दिवस शेतात पाय ठेवायचा नाही, हे माहितीपत्रकावर बघा, आणि त्यावर दोन दिवस चढवा. पहाटे दवाने पानं ओली असताना तर नकोच, वाळलेलं औषध पुन्हा ओलं होऊन हाताला लागतं. पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, आणि हात धुतल्याशिवाय भाकरीला हात नाही.

ताई, भाजीपाला बंद करू नका. मेथी, पालक, टोमॅटो वाहत्या पाण्यात दोन-तीनदा चोळून धुवा, आणि खा. भाजीवरच्या अंशांपेक्षा तुमच्या हातांना थेट लागलेलं औषध कितीतरी जास्त होतं. पोट भरून खाणाऱ्या आईचं बाळ वजनाला चांगलं होतं. परसात चार वाफे करून बिनफवारणीची भाजी लावता आली तर उत्तमच.

दुधाचं उत्तर सोपं आहे : हो, पाजा. पहिले सहा महिने फक्त अंगावरचंच, वरचं पाणीसुद्धा नको. औषधांचे थोडे अंश दुधात उतरू शकतात, तरीही दुधाचा फायदा त्याहून खूप मोठा आहे. तुमची तारीख २८ एप्रिलच्या आसपास येते. जुलैत पुन्हा फवारणी सुरू होईल तेव्हा बाळ अडीच-तीन महिन्यांचं असेल. फवारून आलेल्या बापाने आंघोळ केल्याशिवाय त्याला उचलायचं नाही, आणि तुम्ही त्या दिवशी बाळाला घेऊन शेताच्या बांधावर जायचं नाही, हे दोघांनी आत्ताच ठरवून ठेवा.